घरच्या साबणाचा हिशेब

व्यापारी घरात कोणताही माल घेताना पहिला प्रश्न भावाचा असतो आणि दुसरा प्रतीचा. अंगाला लावण्याच्या साबणाबाबत मात्र तिसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो : ही वडी कशापासून तयार झाली आहे? वेष्टनावरील बारीक अक्षरांत त्याचे उत्तर दडलेले असते. 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेल तेलापासून झालेला साबण, 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेलापासून झालेला आणि 'सोडियम टॅलोएट' म्हणजे प्राण्यांच्या चरबीपासून झालेला. ही तीन नावे ओळखता आली, तरी दुकानात उभ्या उभ्या निवड करणे पुष्कळ सोपे होते.

काही घरांना एवढ्याने समाधान वाटत नाही. आपल्या हाताने तेल निवडावे, आपल्यासमोर साबण तयार व्हावा, अशी त्यांची इच्छा असते. घरगुती साबणाची जी पद्धत अलीकडे अनेकांना आकर्षित करते, तिला 'कोल्ड प्रोसेस' असे म्हणतात. तिच्यात मिश्रण चुलीवर शिजवावे लागत नाही. तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून जी उष्णता निर्माण होते, तीच पुरेशी ठरते. कृती वरवर सोपी दिसते. तथापि तिचा सारा भार हिशेबावर आहे. हिशेब चुकला तर त्याचा भुर्दंड वहीत पडत नाही, तो घरातील माणसांच्या त्वचेवर पडतो.

तेलाचा साबण होतो कसा?

फ्रान्समध्ये १७९१ साली निकोला लब्लां यांनी मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे पुढे साबणासाठी लागणारा क्षार मुबलक मिळू लागला. त्याच देशातील मिशेल यूजेन शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली स्निग्ध पदार्थांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेलाचा साबण होताना नेमके काय घडते, हे उलगडून दाखविले. तेलाच्या प्रत्येक रेणूत तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला बांधलेली असतात. क्षार ही गाठ सोडवितो. मेदाम्ले क्षाराशी जोडली जाऊन साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते.

मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून स्वतंत्रपणे विकले जाते. घरगुती साबणात ते वडीतच राहते. पुढे दिलेल्या ५०० ग्रॅम तेलाच्या घाण्यात सुमारे ५५ ग्रॅम ग्लिसरीन तयार होते. अशी वडी त्वचेला मऊ वाटते, त्याचे एक कारण हेच होय.

चरबीविना उत्तम साबण होत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पूर्वीच खोटी ठरली आहे. १९२० च्या सुमारास मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून केलेला साबण बाजारात आणला होता. घरगुती कृतींची जी पुस्तके परदेशातून येतात, त्यांत मध, मधमाश्यांचे मेण, दूध अथवा चरबी सुचविलेली आढळते. जैन घराने त्यांतील न चालणारे जिन्नस निःशंकपणे वगळावेत. मध किंवा मेण नसल्याने साबणाचे काहीही अडत नाही. चरबीऐवजी मात्र दुसरे तेल घ्यायचे असेल, तर क्षाराचा हिशेब नव्याने करावा लागतो.

वहीवरचे काम

प्रत्येक तेलाला लागणारा क्षार निराळा असतो. १ ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला ०.१३५ ग्रॅम आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. खोबरेलातील मेदाम्लांचे रेणू आखूड असल्याने तेवढ्याच वजनात त्यांची संख्या अधिक भरते, म्हणून क्षारही अधिक लागतो.

पहिल्या घाण्यासाठी ५०० ग्रॅम तेल पुरेसे आहे. खोबरेल भरपूर फेस देते व वडी कठीण करते, ऑलिव्ह सौम्यपणा आणते आणि थोडेसे एरंडेल फेस टिकवून धरते. त्याचा हिशेब असा मांडता येतो :

खोबरेल तेल २०० ग्रॅम × ०.१८३ = ३६.६० ग्रॅम
ऑलिव्ह तेल २५० ग्रॅम × ०.१३५ = ३३.७५ ग्रॅम
एरंडेल तेल ५० ग्रॅम × ०.१२८ = ६.४० ग्रॅम
एकूण कॉस्टिक सोडा = ७६.७५ ग्रॅम

हा आकडा तेलाचा शेवटचा थेंबही साबणात रूपांतरित करणारा आहे. परंतु तेवढा क्षार कधीही घालावयाचा नसतो. तेलाच्या गुणधर्मात नैसर्गिक फरक असतो, वजनकाट्यातही किंचित फरक असू शकतो. यास्तव क्षार ५ टक्के कमी घेतात : ७६.७५ मधून ३.८४ वजा जाता ७२.९ ग्रॅम. त्यामुळे थोडे तेल साबण न होता वडीत शिल्लक राहते. ही शिल्लक त्वचेला स्निग्धता देते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोकळा क्षार उरू देत नाही. व्यापारात गंगाजळी राखतात, तशीच ही साबणाची गंगाजळी म्हणावी. पाणी क्षाराच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे. ते डिस्टिल्ड असल्यास उत्तम.

येथे नवख्यांकडून एक चूक हटकून होते. ५०० ग्रॅम तेलाऐवजी ५०० मिलिलिटर तेल मापाने घेतले जाते. तेल पाण्याहून हलके असते. खाद्यतेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे निव्वळ वजन छापलेले असते, हे किराणा व्यापाऱ्यांना सांगावयास नको. म्हणजे ५०० मिलिलिटर तेल भरते अवघे ४५५ ग्रॅम. त्याला संपूर्ण साबणासाठी सुमारे ६९.८ ग्रॅम क्षार पुरतो आणि पडतो ७२.९ ग्रॅम. राखून ठेवलेली ५ टक्क्यांची शिल्लक तर संपतेच, शिवाय सुमारे ३ ग्रॅम कॉस्टिक सोडा वडीत मोकळा राहतो. दिसायला वडी तशीच दिसते. त्वचा मात्र भाजते. म्हणून साबणाच्या कामात तेल, पाणी आणि क्षार या तिन्ही वस्तू वजनानेच घ्याव्यात, आणि काटा किमान १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखविणारा डिजिटल असावा.

तेल बदलण्याचेही तसेच आहे. खोबरेल कमी पडले म्हणून २०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी ऑलिव्ह तेल घातले आणि क्षार तोच ठेवला, तर त्या भागाला ३६.६० ऐवजी २७ ग्रॅमच क्षार लागतो. साडेनऊ ग्रॅमहून अधिक क्षार जास्तीचा होतो. स्वयंपाकात एका तेलाच्या जागी दुसरे चालते. येथे ते चालत नाही.

सावधगिरी

कॉस्टिक सोडा फ्लेक्सच्या स्वरूपात रसायनांच्या दुकानात मिळतो. तो शुद्ध असावा. मोरी साफ करण्याच्या पावडरीत इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात, म्हणून ती वापरू नये. सोडा हवेतील ओलावा झपाट्याने ओढतो. डबा घट्ट बंद ठेवावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, नाव लिहून ठेवावा.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा उष्णता सोसणाऱ्या जाड प्लॅस्टिकची असावीत. ॲल्युमिनियमचे, म्हणजे बोलीभाषेतील 'जर्मन'चे पातेले कधीही घेऊ नये. क्षाराशी त्याची तीव्र क्रिया होऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. कल्हईची भांडीही वर्ज्य समजावीत. साबणासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघडी खिडकी, एवढी तयारी झाल्यावाचून डबा उघडू नये. सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. सोडा थोडा थोडा घालून ढवळत राहावे. पाणी ८० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि घशाला झोंबणारी वाफ येते, म्हणून तोंड दूर ठेवावे. थेंब अंगावर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे ती जागा धरावी. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळण्याचा घरगुती उपाय करू नये. डोळ्यात गेल्यास तसेच पाण्याने धूत तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

प्रत्यक्ष कृती

क्षाराचे पाणी निवण्यास ठेवून तिन्ही तेले एकत्र करावीत. हिवाळ्यात खोबरेल गोठलेले असल्यास वजन करून मंद आचेवर वितळवून घ्यावे. दोन्ही द्रव ४० ते ४५ अंशांवर आले की क्षाराचे पाणी तेलात बारीक धारेने सोडावे आणि हँड ब्लेंडर काही सेकंद चालवून, काही सेकंद थांबवून मिश्रण एकजीव करावे. ब्लेंडर पात्याच्या वरपर्यंत बुडालेला असावा, म्हणजे थेंब उडत नाहीत. काही मिनिटांतच मिश्रण अपारदर्शक होते आणि पातळ पिठल्यासारखे दाटू लागते. ब्लेंडर बंद करून उचलला असता पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी उमटून राहिली, की मिश्रण साच्यात ओतण्यास तयार झाले असे समजावे.

सुगंध घालावयाचा असल्यास याच वेळी घालतात. परंतु काही सुगंधी द्रव्यांनी मिश्रण एकाएकी घट्ट होते, म्हणून पहिला घाणा बिनवासाचा केलेला बरा. हळदीचेही तसेच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबणाच्या ओल्या मिश्रणातही हळद अशीच तांबूस दिसते. ते पाहून काही बिघडले असे समजू नये.

साचा म्हणून आत बटर पेपर लावलेला लहान लाकडी खोका चालतो. मिश्रण ओतून वर झाकण ठेवावे व साचा टॉवेलमध्ये गुंडाळावा. २४ ते ४८ तासांत लादी घट्ट होते. मग मोजे घालून ती बाहेर काढावी आणि वड्या कापाव्यात.

मुरण्याचा काळ

कापलेली वडी वापरण्याजोगी दिसते, पण ती अद्याप कच्ची असते. सावलीत, खेळत्या हवेत, एकमेकींपासून थोड्या अंतरावर ठेवून वड्या ४ ते ६ आठवडे मुरू द्याव्यात. या काळात पाणी उडून वडी कठीण होते, फेस सुधारतो आणि साबण सौम्य होतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, हा काळ लांबतो. वडीतील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढत असल्याने तिच्यावर घाम आल्यासारखे थेंबही दिसतात.

वडी मुरली की नाही, याचे उत्तर काटाच देतो. एका वडीचे वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावे. आरंभी ते भराभर उतरते, नंतर हळूहळू, आणि पुढे जवळजवळ स्थिर होते.

वापरण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. पहिली डोळ्यांची : वडी मधोमध कापून पाहावी. आत द्रवाने भरलेली छिद्रे किंवा पांढरे खडे आढळले, तर क्षार नीट मिसळला नाही असे समजून तो घाणा वापरू नये. फक्त पृष्ठभागावर आलेली पातळ पांढरी भुकटी मात्र सोडियम कार्बोनेटची असते. ती पुसून टाकता येते. दुसरी परीक्षा पीएच पट्टीची : ओल्या फेसावर ती ९ ते १० च्या आसपास दाखविते. ११ अथवा त्याहून अधिक आकडा आल्यास वडी अंगाला लावू नये.

घर आणि दुकान

चांगला साबण जमला की व्यापारी मनात पुढचा विचार येणे स्वाभाविक आहे. घरात वापरणे निराळे आणि विकणे निराळे. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. विक्रीसाठी तो तयार करावयाचा असल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. परवाना मिळेपर्यंत साबण घरापुरता ठेवणेच इष्ट.

घरासाठी असला तरी प्रत्येक घाण्याची नोंद वहीत असावी : तारीख, तेलांची वजने, क्षाराची शुद्धता, पाणी, तापमान आणि आठवड्यागणिक उतरलेले वजन. पुढच्या वेळी वडी मऊ राहिली अथवा फेस कमी आला, तर कारण शोधण्यास हीच वही उपयोगी पडते.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला उटण्याबरोबर घरची वडी हवी असेल, तर दिवसांचा मेळ सहज बसतो. अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता होते. त्यानंतर एक-दोन दिवसांत साबण साच्यात ओतला, तर नरक चतुर्दशीपर्यंत सहसा सहा आठवडे भरतात. तोवर वड्या फडताळात मुरत राहू द्याव्यात आणि दर आठवड्याला एक वडी काट्यावर ठेवावी.