जुन्या युरोपीय मोटारीचा दीर्घकालीन मालकीखर्च : कल्याणच्या प्यूजोच्या निमित्ताने

जुनी मोटार घेताना ग्राहकाचे लक्ष सामान्यतः खरेदीच्या किमतीवर असते. प्राध्यापकवर्गही याला अपवाद नाही. वस्तुतः युरोपीय बनावटीच्या गाडीचा पुढील खर्च, तिच्यासारख्या आणखी किती गाड्या रस्त्यावर आहेत, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. याचा पडताळा घेण्यासाठी ठाणे जिल्ह्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून १९९४ च्या सुमारास कल्याण-शीळ मार्गावरील आपल्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार तयार करण्यास प्रारंभ केला. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले. उत्पादन थांबले की पुनर्विक्रीचे मूल्य कोसळते, म्हणून अशी गाडी स्वस्त मिळते. सुट्या भागांचे भाव मात्र दुर्मीळतेमुळे चढतात. ३०९ च्या डिझेल आवृत्तीतील १५२७ घन सेंटिमीटरचे प्यूजो इंजिन मारुतीने झेन व एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांतही वापरले. त्यामुळे इंजिनाच्या दुरुस्तीला काही आधार राहिला. समोरची काच, दिवे, दरवाज्याची कुलुपे यांना असा वाटेकरी नव्हता. इंजिन धडधाकट आणि गाडी काचेअभावी उभी, हा या व्यवहारातील खरा तोटा होय. तो हिशेबाच्या वहीत सहसा नोंदला जात नाही.

याच कंपनीची कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी मूळची इटालियन फियाट ११००. परंतु मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायामुळे तिचे भाग व ती जाणणारे कारागीर गल्लोगल्ली होते. उत्पादन संपल्यानंतरही टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

आजच्या जुन्या स्कोडा-फोक्सवॅगन गाड्यांबाबत आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. त्यांतील काहींच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये कोरडे दुहेरी क्लच असतात. शीळफाट्यासारख्या ठिकाणी कासवगतीने सरकताना ते तापतात व लवकर झिजतात. विम्याचा आधारही अपुरा ठरतो. सर्वसाधारण सर्वंकष विम्यात रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, आणि झीज तर विम्याच्या कक्षेतच येत नाही. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले.

म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी समोरची काच, क्लच व दिवा यांचे भाव आणि ते मिळण्यास लागणारे दिवस यांची चौकशी करावी. उत्तर केवळ 'मागवावे लागेल' एवढेच आले, तर खरेदीच्या किमतीत झालेली बचत वेगळी काढून ठेवलेली बरी.