हातचं राखून

मोटरसायकलला मराठीने पहिलं नाव दिलं ते आवाजावरून: फटफटी. नाव ठेवणाऱ्याने नकळत यंत्रशास्त्रातली एक गोष्ट नोंदवून ठेवली. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोलचा भडका उडतो. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेत असेल, तर पाचशे भडके, म्हणजे सेकंदाला आठच्या आसपास ‘फट्’. इतके आवाज कान सुटे सुटे ऐकू शकतो. सेकंदाला वीसच्या पुढे ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. फटफटी हे नाव मुळात सावकाश फिरणाऱ्या इंजिनाचं आहे, आणि हा लेखही अशाच एका इंजिनाबद्दल आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवते. राहते वाईला, नोकरी साताऱ्यात. पाचवडला महामार्ग गाठायचा आणि खाली साताऱ्याकडे वळायचं; जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. वर्षानुवर्षं हा प्रवास एस.टी.ने केला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या काळात वडापच्या जीपमध्ये चौथ्या सीटवर तिसरी म्हणून बसताना ठरवलं, की आपलं जाणं-येणं आपल्या हातात हवं. २०२२ मध्ये ३४९ सीसीची मोटरसायकल घेतली. तेव्हा माझं वय अठ्ठेचाळीस होतं. अजूनही पेट्रोल पंपावरचा मुलगा टाकीचं झाकण उघडताना विचारतो, ‘मॅडम, ही तुम्हीच चालवता?’ मागे कुणी बसलेलं नसतं, तरी विचारतो.

या मापाच्या गाडीला ‘मध्यम’ म्हणायचं की नाही, हे कुठे उभं राहून बघता त्यावर आहे. अमेरिकेत साडेसहाशे-सातशे सीसीची गाडी मध्यम समजतात. आपल्याकडे एके काळी साडेतीनशे म्हणजे मोठी गाडी, किंबहुना तीच गाडी. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची बुलेट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने मागवली. पहिली मागणी ८०० गाड्यांची होती. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला. तिच्या जोडीला म्हैसूरची जावा, जी १९७३ पासून येझदी झाली आणि जिची किकच दुमडून गिअरचा पाय व्हायची. आणि पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत, दुधाच्या किटल्यांना जणू तिच्या बाजूंची सवय होती. १९८५ च्या आसपास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि नोकरदार माणूस तिकडे वळला. ते योग्यच होतं. लिटरला साठ-सत्तर किलोमीटर धावणारी गाडी टाकून साडेतीनशेचा डामडौल सांभाळणं पगारदाराला परवडणारं नव्हतं. बुलेट उरली पोलिसांना, सैन्याला आणि गावच्या पाटलाला.

मग सत्तर किलोमीटरच्या जाण्या-येण्यासाठी आज साडेतीनशे कशाला? ‘रुबाब’ हे उत्तर मला मान्य नाही. खरं उत्तर पिस्टनच्या चालीत आहे.

जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. व्यासापेक्षा चाल लांब. आजच्या ३४९ सीसी इंजिनात ही मापं ७२ आणि ८५.८ आहेत, वळण तेच. याउलट पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फच्या ३९८ सीसी इंजिनात व्यास ८९ आणि चाल फक्त ६४. चाल आखूड असली की पिस्टनला दर फेरीत कमी अंतर कापावं लागतं, म्हणून इंजिन जास्त फेऱ्या घेऊ शकतं. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेऱ्यांचा वेग; फेऱ्या वाढल्या की शक्तीचा आकडा मोठा दिसतो. ते ३९८ सीसीचं इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती देतं, माझं ६१०० फेऱ्यांना जेमतेम २०. कागदावर माझी गाडी अर्धी.

पण रोज कोण आठ हजार फेऱ्यांवर जातं? पीळ, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, तो माझ्या इंजिनात ४००० फेऱ्यांना सर्वांत जास्त, २७ न्यूटन-मीटर, असतो आणि त्याच्या बराच आधीपासून त्यातला बहुतेक हाती आलेला असतो. होंडाच्या त्याच वर्गातल्या गाडीचा तर ३००० फेऱ्यांनाच ३० न्यूटन-मीटर. साठ-पासष्टच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन तीन हजारांच्या आतबाहेर फिरत असतं. म्हणजे जिथे मी दिवसभर असते, तिथेच गाडीचा जोर आहे.

एक हिशेब करून पाहू. बारावीच्या मुलांना मी तो फळ्यावर करायला लावते. वाई ते पाचगणी पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरचा, चढ साधारण साडेपाचशे मीटर. गाडी १९५ किलोची, मी आणि मागे सासूबाई, पिशव्यांसकट सगळं ३३० किलो धरा. ताशी चाळीसने चढायचं तर नुसत्या चढासाठी दोन अश्वशक्ती पुरतात. वारा, टायरचं घर्षण, चेनमधला तोटा मिळवला तरी चारच्या वर जात नाही. मुलांना हे खरं वाटत नाही. एवढासा आकडा! शंभर सीसीची गाडी ११२ किलोची, तिला तर तीनच लागतात, आणि तिची कमाल शक्ती आठ आहे. म्हणजे तीही घाट चढते. रोज शेकडो चढतात.

फरक उरलेल्या भागात आहे. शंभरची गाडी मधल्या फेऱ्यांवर चारच्या आसपास अश्वशक्ती देते. तीन खर्चली, एक उरली. साडेतीनशे तीन हजार फेऱ्यांना दहाच्या आसपास देते. चार खर्चली, सहा उरली. वजनाच्या प्रमाणात पाहिलं तरी शिल्लक चौपट. पुढे धूर सोडत रांगणारा ट्रक आहे, समोरचा पट्टा दोनशे मीटर मोकळा दिसतोय, तेव्हा ही शिल्लक कामाला येते. शंभरच्या गाडीवर दोन गिअर खाली पाडून इंजिनाला ओरडायला लावावं लागतं. माझ्या गाडीवर मूठ थोडी पिळते, बस. बेरजेत ‘हातचा एक’ धरतात ना, तसा हा हातचा. मधल्या गाडीचं सुख म्हणून मला जे सांगायचं आहे ते हेच: यंत्र आपल्या क्षमतेच्या अर्ध्यावर, घाम न फोडता काम करत असतं आणि त्याचा निवांतपणा चालवणाऱ्याच्या खांद्यांपर्यंत येतो. सत्तर किलोमीटरनंतर घरी येऊन पेपर तपासता येतात.

मग आणखी मोठी गाडी घेतली तर आणखी सुख? नाही, कारण वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. ऐंशीवरून शंभरवर गेलं की वाऱ्याचा खर्च दुप्पट होतो. ऐंशीला एकूण सहा-सात अश्वशक्ती पुरतात, म्हणजे माझ्या इंजिनाचा तिसरा हिस्सा. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, दिवे नसलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यावर आडवे येतात, तिथे ऐंशीच्या पुढची शक्ती विकत घेऊन ठेवायची कुठे? लडाखला जाऊन आल्याशिवाय मोटरसायकल कळत नाही, असं मानणारा एक पंथ आहे. त्यांनी जरूर जावं. मला ती सोमवारी सकाळी पावणेआठला कळते.

स्कूटर का नाही, हेही विचारलं जातं, बहुतेकदा बायकांकडून आणि काळजीने. शहरात स्कूटरसारखी सोय नाही. पण तिची चाकं दहा-बारा इंचांची, माझ्या गाडीचं पुढचं एकोणीस, मागचं अठरा. खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यात उतरतं आणि मोठं चाक त्याच्या काठांवरून जातं. पावसाळ्यानंतर आमच्या रस्त्यावर हा फरक मणक्यात मोजता येतो.

सासूबाई गाडीला ‘तुझा रेडा’ म्हणतात. त्या एका बाजूला पाय घेऊन बसतात. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी कायद्यानेच असते, पण एकाच बाजूला पडणारं वजन काही ती जाळी सावरत नाही. हलकी गाडी अशा वेळी सारखी कलायला बघते. रेडा नाही कलत. गिरणीतून येताना त्यांची एकच सूचना असते, ‘अगं, हळू घे, पिठाचा डबा धरलाय मी.’ जुन्या एका सिलिंडरच्या गाड्यांवर तो डबा दातांसकट वाजला असता. एकटा पिस्टन वर-खाली होताना सगळी गाडी हलवतो. आता इंजिनात क्रँकच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरणारा एक वजनदार दांडा असतो. पिस्टन वर झेपावतो तेव्हा दांड्याचं वजन खाली असतं, म्हणून बरीचशी थरथर तिथल्या तिथे जिरते. धडधड राहते, बधिर हात जातात. ही धडधड पुरेशी न वाटून काही जण सायलेन्सर बदलतात, पोलीस ते जप्त करून रस्त्यावर मांडतात आणि वरून रोलर फिरवतात. माझी सहानुभूती रोलरला आहे.

खर्चाचं झाकून ठेवत नाही. लिटरला पस्तीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज, म्हणजे रोज दोन लिटर. शंभरच्या गाडीला सव्वा लिटरही लागलं नसतं. पेट्रोल एकशे चार-पाच रुपये धरलं तर हातच्याची किंमत रोज नव्वद रुपयांच्या घरात जाते. ज्याला ती जड आहे त्याने घेऊ नये, आणि त्यात काही कमीही नाही.

आणि धोका. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली; त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यासमोर सुखाची भाषा जपूनच करावी लागते. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक गाडीला एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. ओल्या घाटात याचं मोल कळतं. पण थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, तिथे एबीएस काही करू शकत नाही. हातचा राखायचा तो वेगातही.

२०२५ मध्ये मात्र ‘मध्यम’ची व्याख्या रस्त्याने केली नाही, वाऱ्यानेही नाही, कराने केली. २०१७ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला २८ टक्के जीएसटी होता आणि त्यावरच्या गाडीला तीन टक्के उपकर जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. करापूर्वीची किंमत एक लाख धरली तर रेघेच्या दोन बाजूंतला फरक तीन हजारांचा होता, तो बावीस हजारांचा झाला. माझ्या मापाच्या गाड्या स्वस्त झाल्या याचा मला आनंदच व्हायला हवा. तरी रेघ खटकते. ३४९ आणि ३९८ सीसीच्या गाड्या एकाच घाटात, एकाच ट्रकच्या मागे असतात. त्यांतली एक गरज आणि दुसरी चैन, हे कोणत्या हिशेबाने ठरलं? सिलिंडरचा आकार मोजायला सोपा, म्हणून तो मोजला जातो. वजन, पीळ, धूर यांपैकी काही मोजलं असतं तर रेघ कदाचित दुसरीकडे पडली असती. माझा अंदाज असा, की पुढची काही वर्षं आपल्याकडची इंजिनं रस्ता पाहून न बनता या रेघेला पाठ लावून बनतील.

चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल द्यावं लागतं, म्हणजे मला साधारण दर रविवारी. त्यासाठी १९५ किलोची गाडी डबल स्टँडवर घ्यायची. पाहणारे पुढे धावतात, ‘थांबा मॅडम, आम्ही उचलतो.’ उचलायचं नसतंच. हँडल सरळ धरायचं, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की त्याच्या दांडीवर उजव्या पायाने सगळं अंग टाकून उभं राहायचं. तरफ आहे ती; गाडी आपली आपण मागे सरकत चढते. शेजारच्या नववीतल्या मुलीला मागच्या महिन्यात दाखवलं. तिसऱ्या खेपेला तिला जमलं. आता ती विचारते, किती वर्षांची झाल्यावर लायसन्स मिळतं?