तिर्रट ते टेक्सास होल्डेम

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षानुवर्षे ठरलेल्या शब्दांत येते : अमुक शिवारात गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार खेळताना इतके जण सापडले, रोकड, पत्ते, दुचाक्या जप्त. औसा तालुकाही त्याला अपवाद नाही. हे तिर्रट म्हणजे शहरातली तीन पत्ती. इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या पत्त्यांच्या खेळातून ती आपल्याकडे आली आणि पोकरशी तिचे भावकीचे नाते आहे.

खेळ सोपा. प्रत्येकाने बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकायचा, तीन पाने उपडी घ्यायची. न बघता लावले तर ब्लाइंड. बघून खेळले तर चाल, आणि चालीला ब्लाइंडच्या दुप्पट. दम संपला की पॅक, म्हणजे पाने टाकून डाव सोडायचा, दोघेच उरले की शो. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, सर्वांत वर. मग एकाच रंगाचा पक्का रन, साधा रन, कलर आणि जोडी. पोकरमध्ये मात्र कलर साध्या रनच्या वर बसतो. त्याचे कारण गणितात आहे. तीन पानांत साधा रन 720 प्रकारे लागतो, कलर 1,096 प्रकारे. पाच पानांत रन 10,200 प्रकारे आणि कलर 5,108. जे कमी वेळा लागते ते वरचढ.

आता कायद्याचे. औसा पूर्वी निजामाच्या राज्यात होते. तिथे 1305 फसलीचा, म्हणजे 1895-96 च्या सुमाराचा, जुगारबंदी कायदा होता. त्याच कायद्याखाली 1963 साली सिकंदराबादच्या एका क्लबावर छापा पडला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1967 च्या नोव्हेंबरात निकाल लागला : रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, काय टाकायचे ते ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ, तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचा. तोवर औसा महाराष्ट्रात आले होते आणि इथे मुंबई इलाख्याचा 1887 चा कायदा चालू लागला होता. पण निकालाची रेघ देशभर लागू झाली. रमी क्लबात बसली, तिर्रट शिवारातच राहिले.

पोकर या रेघेवरच उभे राहिले. फाइव्ह कार्ड ड्रॉमध्ये हातातली नको ती पाने बदलून घेता येतात. सेव्हन कार्ड स्टडमध्ये सातांपैकी चार पाने सगळ्यांना दिसतात. टेक्सास होल्डेममध्ये दोन पाने आपली आणि पाच सर्वांची. ती आधी तीन, मग एक, मग एक अशी उघडतात आणि दर टप्प्याला बोली लागते. ओमाहात हातात चार पाने, पण त्यांतली नेमकी दोनच वापरायची. जितकी पाने उघडी दिसतात, तितका अंदाज बांधायला वाव. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांवरील टेबलांना वाट दिली. पुढे स्मार्टफोन आला आणि ही टेबले खेड्यापाड्यांतही उघडली.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ती जुनी रेघ पुसली. ऑनलाइन खेळात पैसा लावला की बंदी, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. बड्या भारतीय अ‍ॅपनी पैशांची टेबले बंद केली.

पोकरमध्ये कौशल्य आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक डावातून अ‍ॅप आपला वाटा काढत होते, आणि शिवारातला अड्डेवाला काढतो ती नाल याहून वेगळी नाही. सगळे खेळाडू सारख्याच तयारीचे असले तरी नाल गेल्यावर टेबल तोट्यातच उठते. 1967 च्या निकालातही न्यायालयाने बजावले होते की, क्लब खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. कौशल्याच्या वादात हे वाक्य मागे पडले. म्हणून श्रावणात, पोळ्याला पत्ते जरूर पिसावेत. फक्त डावावर नाल घेणारा कुणी बसला असेल, तर तिथून उठावे.