आखाजी

आखाजी हा महाराष्ट्राच्या खानदेश भागात वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साजरा होणारा सण आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत व लगतच्या अहिराणीभाषक गावांत तो दिवाळीच्या तोडीचा मानला जातो. महाराष्ट्रात इतरत्र अक्षय्य तृतीया मुख्यतः साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून आणि सोनेखरेदीचा दिवस म्हणून ओळखली जाते. खानदेशात मात्र या दिवशी पितरांचे स्मरण होते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि शेतावरच्या सालदाराचे वर्ष संपते. 'अक्षय्य' शब्दाचे बोलीतील रूप म्हणजे 'आखा'. राजस्थानात याच तिथीला 'आखा तीज' म्हणतात.

कालमान आणि शेती

हा सण इंग्रजी एप्रिल-मे महिन्यांत येतो. रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि खरिपाची पेरणी अजून दूर असते. तापी खोऱ्यातील उन्हाचा पारा या दिवसांत ४२ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे शेतात फारसे काम निघत नाही. कृषिवर्षातील ही खरी उसंत होय. ओडिशात याच तिथीला बियाण्याची पहिली मूठ शेतात टाकतात आणि पुरीच्या रथांच्या बांधणीस आरंभ होतो. तिथे वर्ष सुरू करण्यावर भर आहे, तर खानदेशात आधी जुने वर्ष चुकते करण्यावर.

घागर आणि आगारी

सणाच्या दिवशी सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरून पूजतात. तिच्यावर लहान मातीचे भांडे आणि त्यावर डांगर किंवा आंबा ठेवतात. (खानदेशात डांगर म्हणजे खरबूज, महाराष्ट्राच्या अन्य काही भागांत हाच शब्द तांबड्या भोपळ्यासाठी वापरतात.) ऐन उन्हाळ्यात पितरांना पाणी पोहोचावे, ही त्यामागची साधी भावना आहे. चुलीतील निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचा घास घालून पूर्वजांची नावे घेतली जातात, यास 'आगारी टाकणे' म्हणतात. घरातील व्यक्ती गेल्यानंतर येणाऱ्या पहिल्या आखाजीला विशेष महत्त्व असते. चीनमध्ये एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंगला कुटुंबे पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांना अन्न अर्पण करतात. आखाजीचा सकाळचा भाग त्याच जातीचा आहे.

नैवेद्याला खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडया आणि भजी असतात. खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे मोठे भांडे. पुरण भरलेली पोळी पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करतात आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकतात. हे कौशल्य पाहून शिकावे लागते, आणि वैशाखाच्या उन्हात चुलीपुढे तासन्‌तास बसून ते करावे लागते.

गौराई आणि माहेरवाशीण

आखाजीच्या काही दिवस आधी घरोघरी गौराई बसवतात. गौराई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. लहान मडक्यात किंवा टोपलीत माती भरून गहू पेरतात, मुली रोज गाणी म्हणत त्यास पाणी घालतात आणि सणापर्यंत पिवळट कोंब वाढतात. शंकर तिला न्यायला येतो आणि गौराई निघते, अशी या खेळाची कथा आहे.

तोच क्रम प्रत्यक्ष घरातही चालतो. सासुरवाशिणीला आणायला भाऊ किंवा दुसरा कोणी मुऱ्हाळी म्हणून जातो. ती आल्यावर कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, फुगड्या होतात आणि अहिराणीत गाणी म्हटली जातात. त्यांत सासू, नणंद, दीर आणि नवरा यांच्यावर उघड टीका असते. इतर दिवशी जे बोलता येत नाही, ते झोक्यावर गाता येते. असोदे येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी माहेर आणि आखाजी हे विषय आपल्या काव्यात आणले आहेत.

गौराईच्या विसर्जनाच्या वेळी काही गावांत नदीच्या दोन काठांवरील मुली व स्त्रिया एकमेकींना शिव्या देतात. पूर्वी दगडही भिरकावले जात. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांमधील 'बोरीचा बार' हा ओढ्याच्या दोन काठांवरून होणारा शिव्यांचा सोहळा याच प्रकारचा आहे, मात्र तो नागपंचमीच्या सुमारास होतो.

हा सण लेकींचा म्हटला जात असला, तरी सर्वच स्त्रियांना त्या दिवशी विश्रांती मिळते असे नाही. ज्या घरी लेक येते, त्याच घरच्या सुनेला खापरापुढे बसावे लागते. तिला माहेरी कधी पाठवायचे, यावरून रुसवेफुगवे होतात, आणि तेही गाण्यांत आलेले आहेत.

सालदारकी

वर्षभराच्या कराराने शेतावर राबणाऱ्या मजुरास सालदार म्हणतात. बैलांची निगा, नांगरणी-वखरणी, रात्रीचे पाणी भरणे ही त्याची कामे. त्याचे साल आखाजीला संपते. त्या दिवशी हिशेब होतो, आणि पुढचे साल त्याच मालकाकडे धरायचे की दुसरीकडे, हे ठरते. करार बहुधा तोंडीच होतो. मोबदला रोख रकमेत, व जुन्या प्रथेनुसार धान्य आणि कपड्यांच्या रूपातही, दिला जातो. वर्षातील हा एकच दिवस असा की ज्यावर मालकाचा हक्क नसतो, आणि म्हणून सालदाराच्या घरी आखाजीला वेगळाच अर्थ आहे.

घासाघीस करण्याची ताकद मात्र त्याने घेतलेल्या उचलीवर अवलंबून असते. उचल फिटली नसेल, तर तो दिवस केवळ नावापुरता मोकळा राहतो. कर्जापोटी मजूर बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले आहे. ट्रॅक्टर आल्यापासून आणि मजूर शहरांकडे वळल्यापासून सालदार मिळणे कठीण झाले असून, मोलभावात त्याचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे. उत्तर इंग्लंडमध्येही शेतमजुरांचे वर्षाचे करार सेंट मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरच्या सुमारास संपत आणि मजूर बाजारात उभे राहून नवा मालक शोधत. ती प्रथा विसाव्या शतकात लोप पावली.

जुगार, विवाह आणि स्थलांतर

पुरुष या दिवशी पारावर, मळ्यात पत्ते खेळतात. पैसे लावून खेळणे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ अन्वये गुन्हा असला, तरी आखाजीचा डाव म्हणून गावाचा त्याकडे काणाडोळा असतो. सालाचे पैसे हाती आलेल्या दिवशीच ते हरणारेही असतात. मुहूर्तामुळे लग्ने मोठ्या संख्येने लागतात. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण नसल्यास २००६ च्या कायद्याने तो बालविवाह ठरतो, त्यामुळे प्रशासन या तिथीला विशेष लक्ष ठेवते.

खानदेशातील अनेक कुटुंबे कामासाठी सुरतेत, विशेषतः उधना आणि लिंबायत भागांत स्थायिक झाली आहेत. सुरत–भुसावळ लोहमार्गावरून ती आखाजीला गावी येतात. शहरात झोक्याला झाड आणि चुलीला अंगण मिळत नाही, आणि खापराची पोळी अनेकदा विकतच आणावी लागते. घागर मात्र तिथेही भरली जाते.