झिजते रबर आणि संगणकावरील शर्यत

मोटारींच्या शर्यतीत जो सर्वांत वेगाने गाडी हाकतो तो जिंकतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींना तो निम्माच लागू पडतो. दिसावयास बाजारातील मोटारींसारख्या असलेल्या या गाड्या बहुधा लंबगोल मार्गावर शेकडो फेऱ्या घालतात आणि वळणे सारी डावीकडची. त्यामुळे भार सतत उजव्या चाकांवर येतो व तेच टायर आधी झिजतात. दक्षिण कॅरोलायना राज्यातील डार्लिंग्टनच्या खरखरीत डांबरावर तर नव्या टायरांची पकड थोड्याच फेऱ्यांत सरते. आरंभी उतावळेपणा करणारा चालक पुढे मागे पडतो. हात राखून हाकणारा त्याला गाठतो.

ही काटकसर घरबसल्या संगणकावर शिकविण्याचा दावा करणारे साधन म्हणजे २००८ साली खुले झालेले ‘आयरेसिंग’. त्याचे एक संस्थापक डेव्ह केमर यांनी तत्पूर्वीही अशा शर्यतींचे खेळ रचले होते. शर्यतीचे मार्ग लेसर किरणांनी मोजून त्यांतील खाचखळगेदेखील पडद्यावर आणता येतात. रबराचे मात्र तसे नाही. थंड रबर कठीण असते, ठराविक उष्णतेला ते रस्ता घट्ट धरते आणि त्यापलीकडे तापले की सुटू लागते. चाक घसरले की ते तापते. तापले की अधिक घसरते. आणि प्रत्येक घसरणीत थोडे रबर रस्त्यावर राहते.

फेऱ्या मोजून पकड थोडी थोडी उणी करणे सोपे आहे. पण मग संयमी व उतावळा, दोघांनाही एकच फळ मिळते. म्हणून प्रत्येक चाकाच्या तापमानाचा व झिजेचा हिशेब क्षणोक्षणी मांडावा लागतो. तो चुकणे किती सहज आहे, हे २००८ च्या जुलैत इंडियानापोलिस येथे दिसले. रबर मार्गावर बसण्याऐवजी भुकटी होऊन उडाले, दहा-बारा फेऱ्यांतच टायर निकामी होऊ लागले आणि शर्यतीचा वेग वारंवार रोखावा लागला. तेही खुद्द गुडइयर कंपनीचे टायर! खऱ्या रबराने त्याच्या निर्मात्यांनाच जेथे चकविले, तेथे आकडेमोडीने नम्र असावे हे बरे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. महामारीमुळे २०२० च्या मार्चमध्ये शर्यती बंद पडल्या, तेव्हा नामांकित चालक संगणकावरच झुंजले व पहिली फेरी डेनी हॅमलिनने जिंकली. विल्यम बायरन तर खऱ्या शर्यतीत उतरण्यापूर्वी संगणकावरच शिकला. त्याने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० जिंकली. असे विद्यार्थी असताना सदोष हिशेब त्यांच्या हातांना खोटी सवय लावील आणि तिची किंमत ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात मोजावी लागेल. शिवाय घरच्या खुर्चीत पाठीला गाडीची घसरण जाणवत नाही. उजवा पुढचा टायर संपत आल्याची वर्दी तेथे दोनच गोष्टी देतात: हातातील चाकाचा सैलावत जाणारा ताण आणि वळणावर वाढणारा रबराचा चीत्कार.