प्लेटलेट कळल्या, पीसीव्ही किती?

डेंग्यू झालेल्या माणसाची चौकशी करताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "प्लेटलेट किती आहेत?" पावसाळा सरत आला की आमच्या शाळेतही हा प्रश्न सुरू होतो. मेसमध्ये, परेड ग्राउंडवर, रविवारी घरच्यांशी फोनवर. एक लाख दहा हजार, ऐंशी हजार, पंचावन्न हजार. क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे हाऊसभर फिरतात, फरक इतकाच की हा स्कोअर खाली येत असतो.

डेंग्यूचा कोणता रुग्ण गंभीर होण्याच्या वाटेवर आहे, हे रक्ताच्या तपासणीतून बऱ्याच अंशी आधी कळू शकते. पण ते सांगणारा मुख्य आकडा एकट्या प्लेटलेटचा नाही. दुसरा आकडा त्याच कागदावर छापलेला असतो आणि घरचे त्याच्याकडे सहसा बघत नाहीत. त्याचे नाव हिमॅटोक्रिट. रिपोर्टवर त्याला बहुधा 'पीसीव्ही' म्हणतात.

डेंग्यूची गणना विषाणूजन्य रक्तस्रावी तापांत होते. हे नाव ऐकून वाटते की रक्त वाहून माणूस दगावत असेल. रक्तस्राव होतो, नाही असे नाही, पण डेंग्यूत जास्त करून धोका असतो तो गळतीचा. आपल्या केशवाहिन्यांच्या आतून शर्करायुक्त रेणूंचे एक नाजूक अस्तर असते. ते आणि त्याखालच्या पेशी मिळून रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, आत धरून ठेवतात. डेंग्यूचा विषाणू एनएस-१ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडतो. हे प्रथिन स्वतःच वाहिन्यांची भिंत झिरपती करू शकते, हे २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवले. शिवाय आपल्याच प्रतिकारशक्तीचा भडका त्यात भर घालतो. मग कॅनव्हासच्या पिशवीतून पाणी झिरपावे तसा प्लाझ्मा बाहेर येतो आणि पोटात, फुप्फुसांभोवती साठतो. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. रक्त दाट होते. वरण आटले की डाळ वाढत नाही, पाणी कमी होते, तसेच हे.

हे दाटपण मोजायची पद्धत इतकी साधी आहे की आमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही ती करता येईल. काचेच्या अगदी बारीक नळीत रक्त घ्यायचे, एक टोक बंद करायचे आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे वेगाने फिरवायची. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. रक्ताच्या पूर्ण स्तंभाची लांबी शंभर धरली तर तांबडा भाग किती, तो आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. निरोगी पुरुषांत तो साधारण ४० ते ५० असतो, स्त्रियांत आणि लहान मुलांत थोडा कमी. हल्ली मोठ्या लॅबमध्ये यंत्रच तो काढून देते.

आता गणित. मूळ आकड्यात २० टक्के वाढ झाली तर प्लाझ्माची गळती मोठी आहे असे समजतात. २० टक्के म्हणजे ४० चे ६० नव्हे, ४० चे ४८. आणि 'मूळ आकडा' हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. समजा, रिपोर्टवर ४५ आहे. ज्याचा नेहमीचा आकडा ४४, त्याला काहीच झालेले नाही. ज्याचा ३७ होता, त्याने धोक्याची रेघ ओलांडली आहे. लॅबचा कागद मात्र दोघांनाही 'नॉर्मल' म्हणेल. म्हणून तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली रक्ततपासणी, तिच्यात काही 'निघाले' नाही तरी, जपून ठेवायची. पुढच्या आकड्यांचे माप तिच्यावरूनच निघते.

गेल्या सप्टेंबरमध्ये पायाला प्लास्टर घालून मी एमआय रूममध्ये पडलो होतो. शेजारच्या खाटेवर आमच्याच हाऊसचा, अकरावीचा एक सीनियर डेंग्यूने आलेला. (हे लिहायला त्याची परवानगी आहे, फाईलही त्यानेच दिली.) पाचव्या दिवशी सकाळी त्याचा ताप उतरला. तीन दिवसांवर क्रॉस कंट्री होती आणि तो हाऊसचा पहिला धावपटू. तो बूट मागवायला निघाला होता. भेटायला आलेले सगळे खूश. डॉक्टर मात्र त्या सकाळी दोनदा येऊन गेले. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले, रक्तदाब घेतला आणि पुन्हा रक्त काढायला लावले. पहिल्या दिवशी पीसीव्ही ४० होते, ते ४६ झाले होते. प्लेटलेट ६२ हजार. त्यात त्याला दोन उलट्या झाल्या आणि पोट दुखू लागले. वाढ २० टक्के नव्हती, १५ टक्केच होती. तरी डॉक्टरांनी वाट पाहिली नाही, दुपारच्या जेवणाआधी त्याला शहरातल्या हॉस्पिटलात हलवले.

त्यांनी असे का केले, हे मला नंतर वाचून समजले. डेंग्यूत गळती सुरू होते ती साधारण ताप उतरायच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि टिकते २४ ते ४८ तास. म्हणजे ज्या दिवशी आपण 'सुटलो' म्हणतो तोच दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणा दिल्या आहेत : पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थता, यकृत वाढणे, पोटात किंवा छातीत पाणी होणे. यादीत रक्ताची खूण एकच आहे, आणि ती जोडीने येते : हिमॅटोक्रिट चढणे आणि त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने उतरणे. त्याच्याही आधी बहुधा पांढऱ्या पेशी कमी होतात. ती पहिली घंटा.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून बातमी आली : प्लेटलेट २८ हजार. हाऊसमध्ये एकच गडबड. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा काकू रडत होत्या. कोणी पपईच्या पानांचा रस पाठवायला निघाले, कोणी रक्तदात्यांची यादी करू लागले. फाईलमध्ये त्याच दिवसाच्या ओळीत पीसीव्ही ४१ आहे, नाडी आणि रक्तदाब ठीक. सलाइन योग्य वेळी लागले होते, गळती थांबत आली होती. आम्ही सगळे सर्वांत जास्त घाबरलो, त्या दिवशी तो धोक्याबाहेर पडत होता.

प्लेटलेट दिल्याने काय होते, याची नीट चाचणी झालेली आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच हॉस्पिटलांत, प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून खाली गेलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर. निम्म्यांना रक्तस्राव नसतानाही प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला : दिलेल्यांत २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत २६ टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका लहान आहे. उलट त्रासदायक परिणाम दिलेल्यांत जास्त दिसले. पपईच्या रसाबद्दल माझे मत विचाराल तर, उलट्या होणाऱ्या पोटात तो कडू रस ओतण्यापेक्षा ओआरएस बरे.

सैनिकी शाळेत सांगण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगतो. १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना एक अनोळखी रक्तस्रावी ताप येऊ लागला. युद्ध संपेपर्यंत तीन हजारांहून अधिक जवान आजारी पडले. (लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स तेव्हा कोरियातच होती.) कारण माहीत नव्हते. उंदरांमार्फत पसरणारा तो हंटा विषाणू पुढे १९७० च्या दशकात ली हो-वांग यांनी शोधला. पण लष्करी डॉक्टरांना एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. ताप उतरायच्या सुमारास रक्तदाब कोसळतो आणि हिमॅटोक्रिट चढते. शत्रूचे नाव ठाऊक नसतानाही त्याची चाल ओळखता येत होती.

सगळ्या रक्तस्रावी तापांना एकच फूटपट्टी लागत नाही, हेही खरे. गोचिडांमुळे होणारा क्रायमियन-काँगो ताप घ्या. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये साणंदजवळ तो आढळला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदान पक्के केले. त्यात रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. या तापासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये निकष मांडले : पहिल्या पाच दिवसांत प्लेटलेट २० हजारांवर किंवा खाली, एएसटी हे यकृताचे एन्झाइम २०० किंवा वर, पांढऱ्या पेशी १० हजार किंवा वर, रक्त गोठायला लागणारा वेळ लांबलेला. असे एखादे लक्षणही त्यांच्या रुग्णांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा मृत्यूची सूचना ठरले. तिथे प्लेटलेटचा तोच २० हजारांचा आकडा खरोखर भीतिदायक आहे. पुढे तुर्कस्तानात असे आकडे असलेले बरेच रुग्ण वाचले. डेंग्यूतही एएसटी वाढते, पण ते एक हजाराच्या वर गेले तर यकृताला गंभीर इजा धरतात.

पीसीव्ही चढले की वाईट आणि उतरले की चांगले, असेही डोळे मिटून म्हणता येत नाही. ते उतरले, नाडी शांत, लघवी भरपूर, तर झिरपलेला प्लाझ्मा परत वाहिन्यांत येतो आहे. तेव्हा सलाइन आवरावे लागते, नाहीतर ते पाणी फुप्फुसांत साठते. पण ते उतरले आणि नाडी मात्र धावते आहे, हातपाय गार आहेत, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा रक्तच द्यावे लागते. रक्तदाबाचे दोन आकडे जवळ आले, समजा १०० आणि ८०, तर वरचा आकडा शंभर असूनही तो शॉक असतो. हे ठरवायचे काम डॉक्टरांचे. आपल्या हातात आहे ते इतकेच : पहिला रिपोर्ट जपायचा, ताप उतरल्यावर दोन दिवस खाट सोडायची नाही, अॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन घ्यायचे नाही, आणि फोनवर प्लेटलेट विचारून झाल्या की विचारायचे, "पीसीव्ही काल किती होते, आज किती आहे? आणि लघवी होते आहे ना?"