मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतंय की पावलं?

मोरा बंदरात लाँचचं वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर जास्त चालतं. ओहोटीला पाणी उतरलं की गाळामुळे भाऊच्या धक्क्याच्या फेऱ्या रखडतात. त्यामुळे लाँच सुटायच्या आत धावत जेट्टी गाठणं इथं कुणाला नवीन नाही. समजा, ५२ वर्षांचा एखादा गृहस्थ असाच धावत आला आणि लाँचमध्ये चढता चढता त्यानं मनगटावरच्या स्मार्टवॉचकडे पाहिलं. आकडा १७२. पोटात गोळा येणारच.

पण तो आकडा त्याच्या हृदयाचा असेलच असं नाही.

घड्याळाच्या मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. स्वस्थ बसलेल्या माणसात हे छान जमतं. धावताना मात्र हात हलतो, घड्याळ सैल असेल तर तेही हलतं आणि प्रत्येक पावलागणिक प्रकाशात खोटा चढउतार होतो. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. घड्याळ फसतं आणि पावलांनाच ठोके समजून बसतं. गोंदण किंवा टॅटूवर घड्याळ बांधलं तरी मोजणी बिघडू शकते.

छातीच्या पट्ट्याचं काम वेगळं. हृदय आकुंचन पावताना जी विजेची हालचाल होते, ती हा पट्टा थेट कातडीवरून टिपतो, म्हणजे ईसीजीचाच सोपा भाऊ. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८२ मध्ये असं बिनतारी यंत्र बाजारात आणलं आणि अचूकतेत पट्टा आजही मनगटाच्या पुढेच आहे. बांधण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड ओले करावे लागतात. उरणच्या दमट हवेत ते काम घाम लवकरच स्वतःकडे घेतो, ही गोष्ट वेगळी! मात्र व्यायामानंतर पट्टा धुतला नाही, तर मिठानं तो लवकर खराब होतो.

मग घ्यायचं काय? सकाळी जेट्टीच्या रस्त्यावर चालणाऱ्याला घड्याळ पुरे. ते मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या बोटभर वर आणि घट्ट बांधावं. दम लागेपर्यंत धावून मध्ये थांबायचं, पुन्हा धावायचं, असा व्यायाम असेल तर पट्टा घ्यावा, कारण ठोके झपाट्यानं चढतात-उतरतात तेव्हा घड्याळ मागे पडतं. छातीला पट्टा काचत असेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर मिळतो. दंड मनगटाइतका झटके खात नाही. कुठलंही यंत्र घेताना ते आपल्या फोनमधल्या ॲपला जोडलं जातंय का, हे दुकानातच पाहावं.

पोहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. मोऱ्यासमोरच्या याच खाडीतून घारापुरी ते गेटवे असं अंतर पोहणारे जलतरणपटू आहेत. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे पट्ट्याचा संकेत त्यात विरून जाऊ शकतो. शिवाय ब्लूटूथ पाण्यातून जेमतेम काही इंच जातं. म्हणून मोजलेले ठोके स्वतःतच साठवून ठेवणारं यंत्र पाण्यासाठी बरं.

आता त्या १७२ कडे परत येऊ. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यानुसार ५२ व्या वर्षी कमाल ठोके १६८. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. त्यानं येतात सुमारे १७२. दोन्ही सरासरी आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. तेव्हा सूत्रापेक्षा आकडा चार ठोके वर गेला म्हणून घाबरायचं कारण नाही आणि खाली राहिला म्हणून निश्चिंत व्हायचंही नाही.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके तर औषधच खाली धरून ठेवतं. त्यांना ही दोन्ही सूत्रं लागू नाहीत. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक घाम असं काही झालं, तर घड्याळात बघत बसू नये. ही यंत्रं हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत. ईसीजी काढणाऱ्या ॲपल वॉचबद्दल खुद्द ॲपलच तसं सांगते. आकडा ८० दिसला तरी थेट रुग्णालय गाठावं.

नवं यंत्र तपासायला खर्च शून्य. थोडं पळून थांबावं, दोन बोटं अंगठ्याखालच्या नाडीवर ठेवावीत, १५ सेकंद ठोके मोजून चारनं गुणावं. थांबताक्षणी ठोके उतरायला लागतात, म्हणून यंत्राचा आकडाही त्याच वेळी पाहायचा. बोटांना १३२ लागले आणि घड्याळ १७२ च दाखवत असेल, तर आधी पट्टा एक घर घट्ट करून पुन्हा पळून बघावं. तरीही तेच आलं, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ते दुकानदाराला द्यावं.